आधी धार, मग लेथ

लाकूड कातायचा छंद लागला की बहुतेक जण आधी लेथ बघायला निघतात. माझा सल्ला उलटा आहे. जे काही पैसे बाजूला काढले असतील, त्यातला एक हिस्सा आधी ग्राइंडर, बरं व्हील आणि हत्यार टेकवायला पक्का प्लॅटफॉर्म यांच्यासाठी राखून ठेवा. उरलेल्या पैशांत येईल तो लेथ घ्या, जुना चालेल, लहान चालेल. धार चांगली असेल तर साध्या लेथवरही देखणं लाटणं उतरतं. बोथट पटाशी घेऊन महागड्या लेथसमोर उभं राहिलात, तर भुसा, फाटलेलं लाकूड आणि दुखरा खांदा एवढंच पदरात पडतं. छंद सोडून दिलेल्या माणसांची हत्यारं हातात घेऊन पाहिली, तर ती बहुधा बोथट निघतात. आपल्याला जमत नाही असं त्यांना वाटलेलं असतं, आणि खरं कारण धारेत असतं.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्याला हे शिकायला दूर जावं लागत नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी कुटुंबांच्या वस्तीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालं. तिथला फर्निचर बाजार आज सगळ्या ठाणे जिल्ह्याला माहीत आहे. पलंगाचे कातीव पाय, कठड्याचे दांडे, पाळण्याचे खांब उतरवणारे खरादी अशा बाजाराच्या आधारानेच काम करतात. पुढचं स्टेशन अंबरनाथ, आणि तिथे पोलादाची जाण आहे. ऑर्डनन्स फॅक्टरी, १९५३ सालची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आणि एमआयडीसीतली लहान-मोठी वर्कशॉप्स यांच्या टूलरूममध्ये उमेदीची वर्षं घालवलेले टर्नर आणि टूल ग्राइंडर निवृत्तीनंतर अंबरनाथ-बदलापुरातच स्थायिक झालेले आहेत. याच अंबरनाथात विम्कोचा काडेपेटीचा कारखाना होता. काड्यांसाठी ओंडका यंत्रावर फिरवायचा आणि लांब पात्याने त्याचा पातळ पापुद्रा सलग सोलत जायचं, हे त्या धंद्याचं मूळ तंत्र. फिरतं लाकूड आणि स्थिर धार यांचा मेळ या गावाला नवा नाही.

धारेबद्दल एवढा आग्रह का, याचं उत्तर एका हिशेबात मिळतं. ५ सेंटिमीटर व्यासाचा दांडा मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर एका मिनिटात जवळजवळ २३५ मीटर लाकूड तुमच्या धारेवरून जातं. रंधा मारणारा सुतार तासाभरात जेवढं लाकूड धारेखालून काढतो, तेवढं इथे काही मिनिटांत निघून जातं. त्यात लाकूड सागाचं असेल तर त्यात मुळातच सिलिका असते, म्हणजे वाळूचाच अंश, आणि ती धार खाते. लेथवरचं हत्यार दिवसातून एकदा नव्हे, तर कामाच्या मध्ये मध्ये पुन्हा पुन्हा ग्राइंडरवर न्यावं लागतं. त्यात कमीपणा काही नाही. चांगल्या कारागिराची ती सवयच असते. म्हणून ग्राइंडर लेथपासून दोन पावलांवर ठेवा आणि त्याचा प्लग कायम लावलेला असू द्या. कपाटातून काढून मांडावा लागणारा ग्राइंडर वापरला जात नाही.

धार गेली हे ओळखायला चार खुणा पुरतात. हत्यार तीक्ष्ण असेल तर लांब, वेटोळे छिलके हातावर येऊन पडतात. धार गेली की त्यांची जागा बारीक भुसा घेतो. हत्यार नुसतं टेकवायच्या ऐवजी तुम्ही नकळत रेटू लागता. कापण्याचा एकसारखा सूर जातो आणि खरखर येते. कातलेल्या पृष्ठभागावर, विशेषतः जिथे लाकडाची रेषा उलटी पडते तिथे, केस उपटल्यासारखे तंतू उभे राहतात. शंका असली तर दिव्याखाली धार डोळ्यांसमोर धरा. तीक्ष्ण धारेला रुंदी नसते, त्यामुळे तिच्यावरून उजेड परत येत नाही. धारेवर पांढरी रेघ चमकली, तर तेवढा भाग बोथट आहे. पॉलिश पेपरने फाटलेलं लाकूड झाकण्याचा मोह आवरा. पेपर घासत बसण्यात जाणारा वेळ धार लावायला लागणाऱ्या वेळाच्या कितीतरी पट असतो.

आता हत्यारं कोणती घ्यावीत. सुरुवातीला चार पुरतात. चौकोनी तुकडा गोल करायला मोठी गोल पटाशी, जिला दुकानात रफिंग गाऊज म्हणतात. गोलाई, खोबणी, मणी उतरवायला लहान गोल पटाशी, म्हणजे स्पिंडल गाऊज. मोजमाप घेऊन काप पाडायला पार्टिंग टूल. आणि सरळ, गुळगुळीत अंग आणायला तिरपी पटाशी, म्हणजे स्क्यू. वाडगे, कटोरे करायचे ठरले तर बाऊल गाऊज आणि एक स्क्रेपर नंतर घ्या. मोठी रफिंग पटाशी वाडग्यावर कधीच वापरू नका. तिचा दांड्याकडचा भाग बारीक असतो आणि आडव्या रेषेत हिसका बसला की तिथेच तुटते.

पोलाद हायस्पीड घ्या, म्हणजे एचएसएस. कार्बन पोलादाची हत्यारं स्वस्त असतात आणि त्यांना धारही फार बारीक येते, पण ग्राइंडरवर धारेचा कोपरा निळा पडला की तिथलं पाणी उतरलं आणि तो भाग मऊ झाला, असं समजायचं. ३०० अंश सेल्सिअसच्या आसपासच ही निळाई येते, आणि बारीक कोपऱ्यावर ती यायला क्षणभर पुरतो. एचएसएस ५०० अंशांच्या पुढेही कडकपणा टिकवून धरतं. काळजी घ्यायची पद्धतही दोघांची वेगळी आहे. कार्बन पोलाद धार लावताना सारखं पाण्यात बुडवायचं. एचएसएस तापलं तर हवेत थंड होऊ द्यायचं, कारण तापलेलं एचएसएस अचानक पाण्यात घातलं की धारेला बारीक भेगा जाण्याचा धोका असतो. जुन्या कानशीपासून पटाशी बनवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती नवशिक्याने टाळावी. कानस कडक आणि ठिसूळ असते. तिला पुन्हा नीट पाणी दिल्याशिवाय लेथवर वापरली आणि हिसका बसला, तर ती काचेसारखी तुटून तुकडा चेहऱ्याकडे येतो. कार्बाइडची टिकली बसवलेली हत्यारंही मिळतात. त्यांना धार लावावी लागत नाही म्हणून ती सोपी वाटतात, पण ती बहुतांशी खरवडतात. ज्याला कापायला शिकायचं आहे त्याने पटाशीपासूनच सुरुवात करावी, असं माझं मत आहे.

बाजारात मिळणारा साधा १५० मिलिमीटरचा बेंच ग्राइंडर मिनिटाला साधारण २८०० फेऱ्या फिरतो. तो चालतो. १४४० फेऱ्यांचा मिळाला तर जास्त चांगला, कारण हात बसेपर्यंत चुका हळू होतात. ग्राइंडरबरोबर येणारं राखाडी व्हील मात्र बदला. ते लोखंड घासायला असतं, लवकर माखतं आणि हत्यार तापवतं. त्याच्या जागी पांढरं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं व्हील बसवा, लेबलवर डब्ल्यूए अशी खूण असलेलं, ८० ग्रिटचं आणि के ग्रेडचं. हिरवं व्हील कार्बाइडसाठी असतं. आपल्या कामाचं नाही. ग्राइंडवेल नॉर्टन आणि कार्बोरंडम युनिव्हर्सल या दोन्ही कंपन्यांची व्हील्स हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात मागवून मिळतात. ग्राइंडवेलचा जुना कारखाना तर आपल्याच बाजूला, उरणजवळच्या मोऱ्याला आहे.

नवं व्हील बसवण्याआधी भोकात बोट घालून लोंबतं धरा आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर व्हील शाबूत. बद्द आवाज आला तर आत चीर आहे, ते फेकून द्या. चीर असलेलं व्हील वेगात फुटलं तर माणूस मरू शकतो. बसवल्यावर पहिला मिनिटभर बाजूला उभं राहून ग्राइंडर नुसता फिरू द्या. हत्यार टेकवायची पट्टी आणि व्हील यांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवू नका. आणि व्हीलच्या बाजूवर कधीही घासू नका, फक्त परिघावर. व्हील चकचकीत दिसू लागलं की ते कापत नाही, नुसतं तापवतं. तेव्हा डायमंड ड्रेसरने त्याचा वरचा थर काढून टाका.

आता प्रत्यक्ष धार. समजा, रफिंग पटाशी हातात आहे. तिच्या धारेमागचा उतरता पट्टा, म्हणजे बेव्हल, काळ्या मार्कर पेनने पूर्ण रंगवा. ग्राइंडर बंद ठेवा. पटाशी प्लॅटफॉर्मवर टेकवून बेव्हल व्हीलला लावा आणि व्हील हाताने थोडं फिरवा. पटाशी उचलून बघा. शाई फक्त मागच्या टाचेकडची गेली असेल तर प्लॅटफॉर्मचा कोन बदलायला हवा. फक्त धारेच्या टोकाची गेली असेल तर तो उलट बाजूला बदलायला हवा. टाचेपासून धारेपर्यंत सलग पट्टा पुसला गेला, की कोन जमला. आता प्लॅटफॉर्म घट्ट करा आणि ग्राइंडर सुरू करा. तो पूर्ण वेगात आला, की पटाशी आधी प्लॅटफॉर्मवर टेकवा, मग पुढे सरकवा. डाव्या हाताचं बोट हत्यारावर नुसतं ठेवलेलं असावं. दाब जवळजवळ नाहीच. उजव्या हाताने मूठ एका संथ लयीत फिरवत धारेचा एक कोपरा ते दुसरा कोपरा असा प्रवास करा. ठिणग्यांकडे लक्ष ठेवा. आधी त्या हत्याराच्या खालून पडतात. धारेपर्यंत घासलं गेलं की एक-दोन ठिणग्या पन्हळीच्या वरच्या बाजूने येतात. त्या क्षणी थांबा. धार लागली. त्यापुढचा प्रत्येक फेरा म्हणजे महाग पोलाद उगाच उडवणं आहे. हे सगळं जमलं की दहा-पंधरा सेकंदांचं काम आहे.

कोन दर वेळी तोच यायला हवा, आणि धार लावण्यातली खरी मेख ही आहे. रोज थोडा वेगळा कोन लागला की दर वेळी अख्खा बेव्हल नव्याने पाडावा लागतो. यावर सोपा उपाय म्हणजे प्लायवुडच्या तुकड्यातून प्रत्येक हत्यारासाठी एक पाचर कापून ठेवायची आणि तिच्यावर हत्याराचं नाव लिहायचं. कोन जमल्यावर प्लॅटफॉर्म आणि व्हील यांच्यामध्ये पाचर धरून तिचा आकार पेन्सिलने नोंदवा आणि तसाच कापा. पुढच्या वेळी पाचर लावली की प्लॅटफॉर्म आपोआप जागेवर येतो. रफिंग पटाशीला ४५ अंश, स्पिंडल गाऊजला ३५ ते ४०, बाऊल गाऊजला ५५ ते ६०, पार्टिंग टूलला सुमारे ५०, आणि स्क्रेपरला ७० ते ७५, असे आकडे धरून चला. स्क्यूला दोन्ही बाजू मिळून ३० ते ४० अंश ठेवा. लाकूड जितकं मऊ, तितका कोन थोडा कमी चालतो. गाऊजला नखासारखी गोलाई द्यायची असेल तर हत्यार धरून डोलणारा जिग लागतो. त्याची नक्कल अंबरनाथच्या एखाद्या वर्कशॉपमधून करून घेता येते. त्यात हत्यार पुढे किती बाहेर काढायचं तेही ठरवून ठेवा, ५० मिलिमीटर म्हणाल तर दर वेळी ५०च, आणि त्यासाठी ग्राइंडरच्या टेबलावर लाकडी अटकाव ठोका.

ग्राइंडरवरून आलेल्या धारेवर एक बारीक बर, म्हणजे पोलादाची वळलेली कड, राहतो. गोल पटाशीला तो पहिल्याच कापात निघून जातो, त्याची चिंता नको. स्क्रेपरचं कामच त्या बरावर चालतं, तो पुसू नका. स्क्यूचं मात्र वेगळं आहे. तिला ग्राइंडरनंतर डायमंड प्लेटवर किंवा ऑइलस्टोनवर दोन्ही बाजूंनी चार हात द्यावे लागतात. व्हीलने बेव्हलला आत थोडी खोली दिलेली असते, त्यामुळे टाच आणि धार असे दोनच बिंदू दगडाला टेकतात आणि हात आपोआप योग्य कोनात राहतो. मग लाकडाला चिकटवलेल्या चामड्याच्या पट्टीवर पॉलिश लावून ओढा. असं केलेली स्क्यू शिवणीच्या लाकडावर चालवली की पॉलिश पेपर लागतच नाही.

लाकडाबद्दल. शिवण, काळा कुडा, आंबा ही शिकायला सोपी लाकडं. चन्नपट्टणची लाखेची खेळणी ज्या लाकडाची होतात तो हाच काळा कुडा. बाभूळ, चिंच, शिसव हात बसल्यावर. कण्हेर विषारी आहे, स्वयंपाकघरातल्या वस्तूंना ती वापरू नका. बदलापूर जांभळांचं गाव आहे, आणि जांभळाचं लाकूड कठीण, टिकाऊ, पाणी सोसणारं असतं. पण जांभूळ, आंबा, फणस, चिंच, साग ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत, आणि शहरी हद्दीत १९७५ च्या कायद्याप्रमाणे कोणतंही झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यामुळे छंदासाठी कुठल्याही झाडाला हात लावायचा नाही. पावसाळ्यात पडलेल्या झाडाच्या फांद्या हव्या असतील तर उल्हासनगर महापालिकेच्या किंवा अंबरनाथ, कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या उद्यान विभागाला आधी विचारा. वर्षावृक्षाची आणि गुलमोहराची खोडं दर जून-जुलैत पडतात. वर्षावृक्षाचे वाडगे तर अप्रतिम होतात.

एमआयडीसीतून पॅलेटचं पाइन लाकूड स्वस्तात मिळतं. ते घेताना त्यावरचा शिक्का वाचा. एचटी म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते चालेल. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते नको. रसायनांचे डाग किंवा उग्र वास असलेला पॅलेट शिक्का काहीही असला तरी घरी आणू नका. अंबरनाथच्या पट्ट्यात ही काळजी घ्यायलाच हवी. खिळा आत राहिला तर नुकतीच लावलेली धार पहिल्या फेरीलाच जाते, म्हणून लोहचुंबक फिरवून मगच लाकूड लेथवर चढवा. ओलं खोड असेल तर दोन्ही टोकांना मेण किंवा फेव्हिकॉलचा जाड थर लावा, नाहीतर आपल्या हवेत टोकांकडून चिरा पडतात. वाडगा ओला असतानाच व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी जाडी ठेवून ढोबळ कातून घ्या, म्हणजे २० सेंटिमीटरच्या वाडग्याला २ सेंटिमीटर, आणि काही महिने सावलीत सुकवून मग शेवटचा आकार द्या.

लेथसमोर उभं राहताना हातमोजे नकोत. लोंबत्या बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी, मनगटावरचा धागा, अंगठी, सगळं काढून ठेवा, केस बांधा. चेहरा झाकणारं शील्ड आणि एन-९५ मास्क वापरा. सागाचा आणि शिसवीचा भुसा बऱ्याच जणांना सोसत नाही. वेगाचा ठोकताळा असा: व्यास इंचांत आणि फेऱ्या मिनिटाला, यांचा गुणाकार ६००० ते ९००० च्या मध्ये असावा. नवशिक्याने त्याच्याही निम्म्यावर राहावं. चौकोनी तुकडा गोल होईपर्यंत तर सगळ्यात कमी वेग. सुरू करण्याआधी तुकडा हाताने पूर्ण फिरवून बघा, कुठे टूल रेस्टला लागत तर नाही. मग हत्यार आधी रेस्टवर, नंतर बेव्हल लाकडाला, आणि शेवटी धार, हा क्रम कधी मोडू नका. बेव्हल टेकलेला असला तर धार जितकं मागाल तितकंच कापते. तो सुटला की धार लाकडात घुसते आणि हिसका बसतो.

पहिल्यांदा लाटणं करा. ते सरळ असतं, आणि सरळ कातणं हीच अवघड परीक्षा आहे. त्यावर पॉलिश, वॉर्निश काही नको. पिठाने आणि हाताने ते आपोआप मुरतं. उल्हासनगरच्या एखाद्या खराद्याकडे, त्याची परवानगी घेऊन, अर्धा तास उभे राहा आणि त्याच्या हातांपेक्षा कंबर आणि पाय बघा. हत्यार शरीराने चालतं. धार जमत नसेल तर शेजारच्या इमारतीतल्या टूलरूमवाल्या काकांना पटाशी दाखवा. "काका, ही धार बघता का जरा?" एवढं विचारलं तरी त्यांचा चष्मा बाहेर निघतो आणि तासभर कसा गेला ते कळत नाही.

लाटण्यानंतर भोवरा. त्याला रंग द्यायचा असेल तर सावंतवाडीच्या खेळण्यांसारखा लाखेचा द्या. वेगात फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडात बसते, आणि केवड्याचं सुकं पान दाबून धरलं की तिला चकाकी येते. आर बसवायच्या जागी टेलस्टॉकच्या टोकाने पडलेली खूण पुसू नका, भोक बरोबर तिच्यावरच पाडा. भोक जरासं सरकलं, तरी भोवरा डुगडुगतो आणि मुलं तो दुसऱ्यांदा हातात घेत नाहीत.